काठी आणि शेंबी

पोळा जवळ आला की पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तालुक्यांत बैलांची शिंगे घासूनपुसून रंगविली जातात आणि त्यांच्या टोकांवर पितळेच्या शेंब्या चढतात. शेंबी हा शब्द शिंगापुरताच नाही. हातातल्या काठीच्या टोकाला बसवितात तीही शेंबीच. मुसळाच्या तोंडाला जे लोखंडी कडे असते त्यालाही कोठे वसवी, कोठे शेंबी असे म्हणतात. शिंग, मुसळ आणि काठी या तिन्ही वस्तू टोकाने काम करतात, आणि टोकानेच काम करणारी वस्तू टोकाकडूनच फुटते, चिरते, झिजते. तेव्हा टोकाला धातूची जोड द्यावी, ही युक्ती शेतकऱ्याच्या घरात फार पूर्वीपासून रुळलेली आहे. याच युक्तीचा प्रवास पुढे राजद्वारी, देवद्वारी आणि न्यायालयाच्या दारापर्यंत झाला. त्या प्रवासाचा मागोवा घेण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम प्रदेशाकडे पाहू. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, जाम आणि कन्हान या नद्यांच्या खोऱ्यात हे दोन तालुके वसले आहेत. देवगडच्या गोंड राजांचे हे राज्य. त्याच घराण्यातील बख्त बुलंद शाहाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले. त्यानंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला. १८५३ साली तिसऱ्या रघूजींच्या निधनानंतर इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांतांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले व छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे बोलीने, सणावारांनी आणि सोयरिकींनी मराठी असलेला हा मुलूख राज्याच्या सीमेपलीकडे पडला. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. सीमा बदलल्या, पण वस्तूंची नावे बदलली नाहीत. शेंबी ही सीमेच्या दोन्ही बाजूंना शेंबीच राहिली.

चांगल्या काठीला दोन गोष्टी लागतात : रान आणि भट्टी. या मुलखाला दोन्ही लाभल्या. सातपुड्याच्या रानात साग आहे, तेंदू आहे, धावडा आहे. आणि ज्याचे पेर जवळजवळ भरीव असते असा वेळूही आहे. लाठीसाठी हा भरीव वेळू सर्वांत उत्तम मानतात. भट्टीची सोय सौंसरजवळच्या लोधीखेड्याने केली. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी गॅझेटियरांत लोधीखेड्याचा उल्लेख तांब्यापितळेच्या उत्तम भांड्यांसाठी आणि कापडासाठी केलेला आढळतो. सरकारी कागदात भांड्यांना जागा मिळाली, कारण भांडी बाजारात जात आणि त्यांवर व्यापार चाले. शेंबी भांड्याच्या कापल्या पत्र्याच्या तुकड्यातून होते. ती कोणत्याही जमाखर्चात चढत नाही. इतिहासात लहान वस्तू हरवतात त्या अशा.

आता कृती पाहू. कारण वस्तूची घडण कळल्यावाचून तिचा अर्थ कळत नाही.

लाकूड उभ्या दिशेने बळकट आणि आडव्या दिशेने दुबळे असते. त्याचे तंतू लांबीच्या दिशेने धावतात. त्या दिशेने ओढले तर ते सहजी तुटत नाही, पण टोकावर आघात झाला की दोन तंतूंच्या मधून चीर जाते आणि ती वर चढत राहते. वेळूत तर हा दोष अधिक; म्हणून त्याचे टोक शक्य तेथे पेराच्या गाठीशी राखून कापतात. टोकाभोवती धातूचे कडे घट्ट बसले की बाहेर फाकू पाहणाऱ्या तंतूंना ते आवळून धरते. टोकाला बसते ती शेंबी; मुठीखाली किंवा मध्यभागी बसते ते वळे. दोहोंचे काम एकच.

शेंबी करावयाची तर पितळेच्या पत्र्याची पट्टी कापतात. काठीच्या व्यासाची तिप्पट आणि वर एक सप्तमांश एवढी तिची लांबी. त्याशिवाय सांध्याच्या चढीसाठी थोडी अधिक. ठोकून ठोकून पितळ कठीण होते आणि तडकू लागते. म्हणून ते मधूनमधून मंद लाल होईपर्यंत तापवून पुन्हा नरम करावे लागते. मग पट्टी लोखंडी दांड्यावर वळवून, सांध्यावर टाकणखार आणि झाळ घालून आचेवर झाळतात. सांधा कानशीने घासला आणि अंग मठारून घेतले की तो डोळ्यांना दिसू नये, बोटाला लागू नये. लोखंडी कड्याची रीत निराळी. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवितात तशी ते तापवून चढवावयाचे आणि पाणी ओतून आवळून घ्यावयाचे. मात्र काठी चाकाच्या पुठ्ठ्याएवढी जाड नसते, म्हणून लाकूड जळणार नाही इतपतच ताप द्यावा लागतो.

खरे कौशल्य बसविण्यात आहे. काठीचे टोक शेंबीच्या पोकळीपेक्षा केसभर जाड ठेवतात, कडेला किंचित उतरते तासतात आणि शेंबी जेथे थांबावयाची तेथे लाकडात बारीकशी पायरी घेतात. म्हणजे धातू आणि लाकूड एका पातळीत येतात. नंतर लाकडी ठोकळ्याने हलके हलके ठोके देत शेंबी त्या पायरीपर्यंत नेतात. वरून एखादी बारीक मेख मारतात, ती केवळ सावधगिरी म्हणून. आत थोडी लाख वितळवून घातली तर पाणी शिरत नाही. या साऱ्याच्या आधी एक अट आहे : लाकूड पुरते वाळलेले पाहिजे. लाकूड आडवे आटते, उभे जवळजवळ आटत नाही. ओल्या काठीवर श्रावणात घट्ट बसविलेले वळे वैशाखात बोटाने फिरू लागते. काठी तोडून घराच्या आढ्याशी धुरात महिनोन्‌महिने ठेवण्याची जुनी चाल होती, तिचे कारण हेच. धुराने कीड लागत नाही आणि सावकाश वाळल्याने काठी वाकतही नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. गोठ्यात टांगून ठेवलेल्या काठीची पितळी शेंबी कधी कधी कोणी हात न लावता उभी चिरते, आणि दोष कारागिराच्या माथी येतो. हिंदुस्थानातील इंग्रजी फौजेला हाच अनुभव काडतुसांच्या बाबतीत आला होता. पावसाळ्यात तबेल्यांच्या आसपास साठविलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी आपोआप तडकत. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन संशोधकांनी १९२१ साली त्याचा उलगडा प्रसिद्ध केला : ठोकून किंवा ओढून घडविलेल्या पितळेत ताण शिल्लक राहतो, जनावरांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया आणि हवेतील ओल त्याला मिळाली की धातू चिरतो. घडणीनंतर पितळ मंद आचेवर शेकले म्हणजे तो ताण जातो. तेव्हा शेवटची मंद शेक म्हणजे कारागिराचा वेळकाढूपणा नव्हे. ती टाळली तर चीर पुढे कधीतरी दिसावयाचीच. आणि गोठ्यातल्या काठीला पितळेपेक्षा लोखंड बरे.

येथवर झाली उपयोगाची काठी. आता शास्त्राकडे वळू. कारण आपल्या परंपरेत काठीचे दोन कुलाचार आहेत, आणि त्यांतील भेद नेमका या धातूच्या वळ्यापाशी उमटतो.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याच्या दंडाचा विचार आहे. ब्राह्मण बटूचा दंड बेलाचा किंवा पळसाचा, क्षत्रियाचा वडाचा किंवा खैराचा, वैश्याचा पिलूचा किंवा उंबराचा. त्याची उंची अनुक्रमे केसांपर्यंत, कपाळापर्यंत आणि नाकापर्यंत. दंड सरळ असावा, त्याला व्रण नसावा, त्याची साल शाबूत असावी, अग्नीने तो दूषित झालेला नसावा, आणि तो पाहून कोणाला भय वाटू नये. ही अट शेंबीच्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. साल काढल्याशिवाय वळे नीट बसत नाही आणि आचेशिवाय ते घडत नाही. म्हणजे मुंजीच्या दंडाला धातूची जोड मुळातच संभवत नाही. संन्याशाच्या बाबतीतही तोच कल दिसतो. सहाव्या अध्यायात यतीची पात्रे धातूची नसावीत असे स्पष्ट सांगितले आहे, आणि त्याचा दंड वेळूचा, साधा असतो. ज्याने काही स्वीकारले नाही किंवा ज्याने सर्व सोडले, त्याची काठी रानातून जशी आली तशीच राहते. त्याच पळसाचे एक झाड पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जामेच्या पात्रात रोवले जाते आणि त्याच्यासाठी गोटमार होते. तेथेही त्या झाडाला कोणी धातू लावीत नाही.

दुसरा कुलाचार द्वारपालाच्या वेत्राचा. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात शंकर ध्यानस्थ आहेत आणि लतागृहाच्या दाराशी नंदी उभा आहे. डाव्या मनगटावर सोन्याचे वेत्र टेकलेले, तोंडावर एक बोट. एवढ्या खुणेने तो गणांना चापल्य करू नका असे बजावतो. शाकुंतलाच्या पाचव्या अंकातील वृद्ध कंचुकीच्या मनात हाच विचार दुसऱ्या बाजूने येतो : अंतःपुरात अधिकाराची रीत म्हणून हाती घेतलेली वेताची काठी आता म्हातारपणी चालण्याचा आधार झाली आहे. अधिकाराची काठी आणि आधाराची काठी एकच असू शकते, हे कालिदासाने एका म्हाताऱ्या सेवकाच्या मुखाने सांगितले.

मुसलमानी अमदानीत या द्वारपालाला फारसी नाव मिळाले. चोब म्हणजे लाकूड. चोब धरणारा तो चोबदार, मराठीत चोपदार. नाव लाकडावरून पडले, पण पाहणाऱ्याला दिसते ती चांदी. चांदीची काठी क्वचितच सगळी चांदीची असते. आत सागाचा किंवा अन्य लाकडाचा गाभा, त्यावर लाखेचा किंवा राळेचा थर आणि त्यावर ठोकून बसविलेला चांदीचा पातळ पत्रा. काठीभर लांब अखंड पत्रा चढविणे अवघड, म्हणून तो तुकड्यातुकड्यांनी चढवितात आणि जेथे दोन तुकडे मिळतात तेथे जाड वळे बसवितात. काठीवर दिसणारी ती नक्षीदार वळी मुळात सांधे झाकण्यासाठी आहेत. हीच युक्ती आडमार्गानेही वापरली जाते. गुप्तीची मूठ आणि म्यान जेथे मिळतात तेथेही एक वळेच असते. त्याच्या आत पाते लपलेले असते.

कायद्याला या वळ्याची दखल घ्यावी लागली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राची व्याख्या करताना केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी घडविलेल्या वस्तू वगळल्या आहेत, आणि उदाहरण म्हणून लाठी व साधी चालण्याची काठी यांची नावे घेतली आहेत. उलट १९६२ च्या शस्त्र नियमांनी गुप्तीला तलवारींच्या रांगेत बसविले. या दोहोंच्या मध्ये लोहांगी उभी आहे, म्हणजे लोखंडाची कडी ठोकलेली लाठी. साध्या काठीतला 'साधी' हा शब्द कोठे संपतो, हा प्रश्न मारामारीच्या खटल्यांत वारंवार येतो. टोकाच्या एका शेंबीने काठीचे शस्त्र होत नाही. पण कड्यांवर कडी चढली तर ती चालण्यासाठी होती हे सांगणे वकिलालाही जड जाते. सौंसरहून सावनेरला गेले की राज्य बदलते. तेथे १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली बंदीहुकूम निघाला तर साधी काठी बाळगण्यावरही निर्बंध येऊ शकतो. पिढ्यान्‌पिढ्या काठी घेऊन बाजारहाट करणाऱ्या शेतकऱ्याला हे भेद ठाऊक असावेत अशी कायद्याची अपेक्षा असते.

राजद्वारीचे चोप राजांबरोबर गेले. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर राजवाड्यातील जडजवाहीर आणि जनावरेसुद्धा विक्रीस काढण्यात आली, हा इतिहास प्रसिद्ध आहे. चोपदार हे पद मुंबईच्या उच्च न्यायालयात अद्याप आहे. परंतु चोपाला त्याचा जुना अर्थ जेथे पूर्णपणे उरला आहे असे स्थान म्हणजे देवाचे दार आणि देवाची पालखी.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात पाहावयास मिळते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावून दिली. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीसाठी दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. टाळमृदंगांचा एकच गजर चाललेला असतो. चोपदार चांदीचा दंड उंच करतो आणि हजारोंचे टाळ क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्यापाशी जातो, म्हणणे ऐकून घेतो, निवाडा होतो, आणि मग आरती. नंदीने एका बोटाने गणांना शांत केले, त्याच जातीची ही शांतता. आणि तिच्यात गाऱ्हाणे मांडण्याची वाट मोकळी ठेवली आहे हा वारकऱ्यांचा विशेष. न्यायालयात शांतता राखा असे सांगणारे पुष्कळ असतात. शांततेत ज्याचा आवाज उरला त्याच्याकडे चालत जाणारा अधिकारी विरळा.

सातपुड्यातील भाविकांची वाट मात्र उत्तरेला जाते. महाशिवरात्रीला विदर्भ आणि छिंदवाड्याकडील यात्रेकरू जुन्नारदेवच्या पहिल्या पायरीपासून पचमढीजवळच्या चौरागडावर हाती त्रिशूल घेऊन चढतात आणि ते महादेवाला अर्पण करतात. लाकडी दांड्यावर त्रिशूल बसविला असेल तर त्याच्या बुडाची नळी म्हणजे वरच्या टोकाला चढलेली शेंबीच. कोकणात आणि गोमंतकात काठी स्वतःच देवरूप घेते. दसऱ्याला निघणारी तरंगे म्हणजे वस्त्रांच्या घड्यांनी वेढलेले आणि शिरावर धातूचा मुखवटा किंवा छत्र धारण करणारे स्तंभ. पेडण्याच्या पुनवेला रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे पाहावयास गर्दी लोटते. तेथे डिचोलीचे कांसार, येथे लोधीखेड्याचे पितळकाम. बोली दोन, धातू एक.

या सर्व काठ्यांत एक सूत्र आहे. वळे चढले की काठी धरणाऱ्याची राहत नाही. बटूचा दंड बटूचा, संन्याशाचा दंड त्याचा. चोप मात्र चोपदाराचा नसतो. तो देवाचा असतो, आणि चोपदार केवळ त्याचा वाहक. कायदाही आज हेच सांगतो. देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली प्रमथनाथ मल्लिक यांच्या खटल्यात निःसंदिग्धपणे मांडले. तेव्हा चोपावरची चांदी देवाची मालमत्ता, आणि तिचा हिशेब देणे हे विश्वस्तांचे कर्तव्य.

हा हिशेब ठेवला जातो तो मात्र बहुधा अपुरा. मध्य प्रदेशात १९५१ चा, महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक न्यास कायदा आहे. गोमंतकातील देवस्थानांना १९३३ चे नियम लागू आहेत. कायद्यानुसार देवस्थानच्या जंगम मालमत्तेची नोंद होते, पण नोंद म्हणजे बहुधा एक ओळ : चांदीची काठी एक, वजन अमुक तोळे. हे वजन कशाचे? गाभ्याचे, लाखेचे, मेखांचे आणि चांदीचे मिळून. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. दोन पिढ्यांनी काठी झिजली, गाभा कुजला, पत्रा उतरवून नवी काठी केली, आणि केवळ चांदी तोलली की ती यादीतल्या आकड्यापेक्षा कमीच भरावयाची. मग संशय पुजाऱ्यावर जातो, नाही तर चोपदारावर, नाही तर सोनारावर. चोरी कोणीच केलेली नसते. यादी लिहिणाऱ्याने लाकूड आणि लाख चांदीच्या भावात लिहिलेली असतात. प्रामाणिक माणसाच्या घराण्याला लागलेला असा डाग पुसून निघावयास कधी कधी एक पिढी जाते.

यावर उपाय सोपा आणि बिनखर्चाचा आहे. देवळातील चोप, छडी, पालखीची दांडी, तरंग, जे जे लाकूड धातूने मढविलेले असेल त्याची नोंद स्वतंत्र करावी. एकूण वजन, एकूण लांबी, वळी किती व प्रत्येकाचा घेर किती, मेखा किती, लाकूड कोणते, त्यावर अक्षरे किंवा खूण असल्यास ती काय, हे लिहावे आणि छायाचित्र जोडावे. दुरुस्तीच्या वेळी पत्रा पंचांसमक्ष उतरवावा. लाख काढून टाकल्यावर चांदी निराळी तोलावी व तसा पंचनामा करावा. जुनी वळी शक्यतो वितळवू नयेत, नव्या काठीवर चढवावीत. मापाला लहान पडली तर देवळाच्या पेटीत जपून ठेवावीत. आणि ज्याने काम केले त्या कारागिराचे नाव त्याच नोंदीत लिहावे. दानकर्त्याचे नाव आपण संगमरवरावर कोरतो. घडविणाऱ्याचे निदान कागदावर असावे.

पांढुर्णा आणि सौंसर भागांतील आणि कोकण-गोमंतकातील देवस्थानांच्या समित्यांनी येत्या वार्षिक सभेपूर्वी एवढे काम हाती घेतले तर दोन गोष्टी साधतील. देवाची मालमत्ता सुरक्षित राहील, आणि ज्या लहान धातुकामाला कोणत्याही सरकारी ग्रंथात ओळ मिळाली नाही त्याला देवाच्या दप्तरात जागा मिळेल. त्यासाठी लागते एक वजनकाटा, एक दोरी आणि एक दुपार.